समुद्रापलीकडचा नाताळ

सप्टेंबर महिना उजाडला की फिलिपाईन्समध्ये नाताळाची चाहूल लागते. त्या सुमारास तेथे पावसाळा असतो, मधूनमधून मोठी वादळे होत असतात आणि डिसेंबर तर अजून तीन महिने दूर असतो. तरीही ज्या इंग्रजी महिन्यांच्या नावांच्या शेवटी ‘बर’ येते ते चारही महिने नाताळाचेच समजावयाचे, असा तेथील लोकांचा गोड हट्ट आहे. दुकानांतून नाताळची गाणी ऐकू येऊ लागतात, माळ्यावरची आरास खाली उतरते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत ती कोणी काढीत नाही. इतका लांबलचक नाताळ जगात अन्यत्र क्वचितच आढळेल.

पॅसिफिक महासागराच्या पश्चिम कडेला सात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा मिळून हा देश बनला आहे. १५६५ पासून १८९८ पर्यंत ह्या बेटांवर स्पेनची सत्ता होती. देशाला नाव मिळाले तेही स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचे. स्पॅनिश लोकांबरोबर ख्रिस्ती धर्म आला, आणि आज तेथील बहुसंख्य लोक कॅथॉलिक आहेत. परंतु सण परक्यांकडून आला तरी तो साजरा करावयाचे साहित्य घरचेच असते. तांदूळ, नारळ, केळीची पाने आणि बांबू ह्या चार वस्तू काढून घेतल्या, तर फिलिपाईन्सच्या नाताळात फारसे काही उरणार नाही.

सोळा डिसेंबरपासून चोवीस डिसेंबरपर्यंत सलग नऊ दिवस पहाटे, अंधार असतानाच, चर्चमध्ये मिस्सा होते. मिस्सा म्हणजे कॅथॉलिक लोकांची सामुदायिक उपासना. ह्या पहाटेच्या मिस्सेला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. ती इतक्या लवकर का, ह्याचे उत्तर शेतात आहे. डिसेंबरात भातकापणीची घाई असे. शेतकऱ्याला ऊन चढण्यापूर्वी शेतावर पोचावयाचे असे. म्हणून देवाचे काम आधी आणि शेताचे मागाहून, अशी सोय स्पॅनिश काळापासून लावली गेली. नऊही पहाटे जो न चुकता हजर राहील त्याची मनातील एक इच्छा पूर्ण होते, अशी समजूत आहे. त्यामुळे झोपाळू मुलेसुद्धा त्या नऊ दिवसांत आपणहून उठतात.

अर्थात मुलांच्या उठण्याला आणखीही एक कारण असते. चर्चच्या बाहेर पहाटे गरम गरम खाऊ मिळतो. मातीच्या भांड्यात केळीचे पान घालून त्यावर तांदळाच्या पिठाचे नारळाच्या रसात कालवलेले मिश्रण ओततात आणि वर व खाली निखारे ठेवून ते भाजतात. ह्या केकसारख्या पदार्थाला ‘बिबिंगका’ म्हणतात. गोव्यातील ‘बेबिंक’ ह्या नावाशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल, जरी थर लावून केलेले ते गोमंतकीय पक्वान्न रूपाने आणि चवीने वेगळे असले तरी. दुसरा पदार्थ ‘पुतो बुंबोंग’. चिकट जातीच्या तांदळाचे जांभळे पीठ बांबूच्या नळीत भरून वाफवावयाचे आणि वर खोवलेले खोबरे व काळी साखर घालून खावयाचे. हा वाचून जाणण्याचा विषय नव्हे, हे खरेच!

घराघरांच्या दारात चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील टांगलेला असतो. त्याला ‘पारोल’ म्हणतात. येशूचा जन्म झाला तेव्हा आकाशात उगवलेल्या ताऱ्याची ती खूण आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पातळ रंगीत कागद चिकटवावयाचा, ही त्याची जुनी रीत. दिवाळीचा कंदील ज्याने घरी केला असेल त्याला ती निराळी शिकवावी लागणार नाही. पुढे कागदाऐवजी एका चपट्या शिंपल्याचे अर्धपारदर्शक तुकडे लावूनही पारोल होऊ लागले. ह्याच शिंपल्याची तावदाने गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना आजही दिसतात. काच दुर्मिळ होती त्या काळी दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांना समुद्राने तीच वस्तू पुरविली.

पाम्पांगा प्रांतातील सान फेर्नांदो हे शहर तर पारोलांचे माहेरघरच होय. तेथे दर डिसेंबरात सुमारे वीस फूट व्यासाचे अवाढव्य कंदील एकमेकांशी स्पर्धा करतात. प्रत्येकात हजारो दिवे असतात आणि ते संगीताच्या तालावर उघडझाप करीत नक्षी बदलतात. ही करामत ज्या यंत्राने साधते ते पाहिले तर आश्चर्य वाटते. एक आडवे पत्र्याचे पिंप हाताने फिरवितात. त्यावर ठिकठिकाणी कागदी चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. केसांत खोवावयाच्या साध्या पिनांना तारा जोडून त्या पिंपावर टेकविलेल्या असतात. पिन पत्र्याला लागली की वीज वाहते आणि दिवा पेटतो. चिकटपट्टी आली की दिवा विझतो. कोणती पट्टी कोठे लावावयाची, हे मात्र तेथील कारागीर बापाकडूनच शिकतात.

चोवीस तारखेच्या रात्री मिस्सा आटोपून सर्वजण घरी येतात आणि मध्यरात्री एकत्र जेवावयास बसतात. ह्या जेवणाला ‘नोचे बुएना’, म्हणजे मंगल रात्र, असे स्पॅनिश नाव आहे. जेवणापूर्वी किंवा नंतर धाकटी माणसे वडीलधाऱ्यांपुढे जातात, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतात आणि त्याची मागची बाजू कपाळाला लावून ‘मानो पो’ म्हणतात. ‘मानो’ म्हणजे हात आणि ‘पो’ हा आदर दाखविणारा शब्द. आपण पायांवर डोके ठेवतो. ते हात कपाळी लावतात. ह्या पानावर जितकी ताटे तितका सण मोठा, असे फिलिपिनो माणूस मानतो. नेमकी येथेच त्याची अडचण सुरू होते. कारण त्या देशातील असंख्य घरांत एखाद्या तरी माणसाची जागा त्या रात्री रिकामी असते.

ही गोष्ट आजकालची नव्हे. १९०६ च्या अखेरीस पंधरा फिलिपिनो मजूर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी ‘डोरिक’ नावाच्या आगबोटीने हवाई बेटांकडे निघाले. २० डिसेंबरला ते होनोलुलु बंदरात उतरले. नाताळ अवघ्या पाच दिवसांवर आला होता. त्यांच्यामागून पुढील चाळीस वर्षांत लाखाहून अधिक माणसे त्या मळ्यांवर गेली. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले आणि आखाती देशांत घरे, रस्ते, इस्पितळे ह्यांची बांधकामे झपाट्याने निघाली. फिलिपाईन्समध्ये काम कमी, मजुरी तुटपुंजी आणि खाणारी तोंडे पुष्कळ, अशी स्थिती होती. १९७४ च्या कामगार कायद्यात सरकारनेच परदेशी नोकरीची व्यवस्था लावून दिली. तात्पुरता म्हणून काढलेला हा मार्ग मग कायमचा झाला. २०२३ मध्ये सुमारे एकवीस लाख फिलिपिनो कामगार परदेशांत होते आणि परदेशस्थांनी त्या वर्षी बँकांमार्फत घरी धाडलेली रक्कम तीन हजार तीनशे कोटी डॉलरांहून अधिक भरली. कोणी जहाजावर खलाशी असतो, कोणी परिचारिका, कोणी दुसऱ्याच्या घरी मुले सांभाळणारी दाई. दुसऱ्याची मुले सांभाळण्यासाठी आपली मुले घरी ठेवावी लागावीत, ह्यासारखी विचित्र गोष्ट नाही; परंतु ती घडते, आणि पोटासाठी घडते.

हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया रविवारी शहराच्या मध्यभागी पुठ्ठे अंथरून रस्त्याकडेला बसतात, एकमेकींचे केस विंचरतात आणि घरी पाठवावयाच्या पेट्या बांधतात. इटलीत त्यांची वस्ती इतकी आहे की १५ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमच्या सेंट पीटर मंदिरात त्यांच्यासाठी सिंबांग गाबीची पहिली मिस्सा स्वतः केली. परंतु हा परदेशातला नाताळ नीट समजावयाचा असेल तर एखाद्या घरात शिरले पाहिजे. म्हणून अशा हजारो कुटुंबांपैकी दुबईतील एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणू या.

ह्या कुटुंबातील आई इस्पितळात परिचारिका आहे आणि वडील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतात. पाच वर्षांचा मुलगा दुबईतच जन्मला. त्याची अकरा वर्षांची थोरली बहीण मात्र सान फेर्नांदोला आजीजवळ राहते, कारण दुबईतील शाळांची फी दोघांसाठी भरणे आईबापांना झेपत नाही. तिला तो ‘आते’ म्हणतो. आपल्या आत्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. फिलिपिनो भाषेत ‘आते’ म्हणजे ताई. आजीला ‘लोला’ म्हणतात.

दुबईच्या घरातला नाताळ एका पुठ्ठ्याच्या पेटीपासून सुरू होतो. परदेशाहून घरी येणाऱ्या माणसाला ‘बालिकबायान’ म्हणतात, आणि त्याच्यावरून ह्या पेटीलाही तेच नाव पडले आहे. माणूस येऊ शकत नाही तेव्हा पेटी येते. ती समुद्रमार्गे जाते आणि पोचावयास महिना-दोन महिने लागतात. म्हणून ऑक्टोबरच्या आरंभीच तिची पाठवणी करावी लागते. भाडे वजनावर नसते, पेटीच्या आकारावर असते. साहजिकच तिच्यात वीतभरही जागा मोकळी सोडणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. ह्या घरी भरावयाचे काम वडिलांकडे असते. तळाशी साबणाच्या वड्या आणि डबाबंद मांस, त्यांच्या फटींत दंतमंजनाच्या नळ्या, मध्ये घट्ट गुंडाळलेले टॉवेल, टॉवेलांच्या पोटात चॉकलेटे, असे थरावर थर रचले जातात. साबण तर सान फेर्नांदोच्या दुकानातही मिळतो! तो इतक्या लांबून का धाडावा, असे कोणी विचारील. पण आजी तो साबण वापरताना शेजारणीला सांगते की हा माझ्या मुलीने पाठविला आहे. दुकानातल्या साबणाविषयी असे काही सांगता येत नाही. २०१५ मध्ये जकात खात्याने ह्या पेट्या उघडून तपासण्याचे मनात आणले, तेव्हा जगभरच्या फिलिपिनो कामगारांत संतापाची लाट उसळली आणि अखेर राष्ट्राध्यक्षांना तो बेत थांबवावा लागला. आपल्या माणसाने रचलेला थर परक्या हाताने विस्कटावा, हे त्यांना सोसले नाही.

पेटीत सर्वांत वर मुलीचे बूट ठेवलेले होते. जुलै महिन्यात आजीने नातीचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आखणी केली आणि तो कागद दुबईला परतणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर धाडला. आईने तो कागद कात्रीने कापून पर्समध्ये बाळगला आणि दुकानोदुकानी बुटात घालून पाहिला. मोजे बुटांच्या आतच कोंबले, म्हणजे जागाही वाचली आणि बुटांचा आकारही मोडला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पेटी पोचली. चॉकलेटे त्याच दिवशी संपली. बूट मात्र आजीने नाताळासाठी कपाटात ठेवून दिले.

डिसेंबरात दुबईलाही सिंबांग गाबी होते, पण ती पहाटे नव्हे. माणसे नोकरीवर जाणारी. नाताळची तेथे सार्वजनिक सुट्टीही नसते. म्हणून पहाटेची मिस्सा सायंकाळी, कामावरून सुटल्यावर करतात. १९६७ मध्ये उभारलेल्या सेंट मेरी चर्चचे आवार त्या दिवसांत फुलून जाते. गोव्याकडील कोकणी बोलणारे ख्रिस्ती लोक, केरळी लोक आणि फिलिपिनो लोक त्याच आवारात वावरतात. घरातल्या गॅलरीत वडिलांनी पारोल टांगला होता. बांबू न मिळाल्यामुळे त्यांनी तारेचा सांगाडा केला होता आणि त्यावर भेटवस्तूंचा जपून ठेवलेला कागद लावला होता. सान फेर्नांदोच्या माणसाला तो फारच ओबडधोबड वाटला असता.

इकडे थोरल्या मुलीने नऊही पहाटे चुकविल्या नाहीत. इच्छा काय धरली होती, ते तिने कोणाला सांगितले नाही. सांगितली तर ती फळत नाही, असे तिच्या मैत्रिणींचे मत होते.

फिलिपाईन्समध्ये मध्यरात्र होते तेव्हा दुबईत रात्रीचे आठ वाजलेले असतात. त्यामुळे हे कुटुंब नोचे बुएनाला आठ वाजताच बसते. धाकट्या मुलाला तर नाताळ म्हणजे रात्री आठला सुरू होणारा सण, असेच वाटते. मध्यरात्रीचा नाताळ त्याने पाहिलेलाच नाही. त्या दिवशी आईची रात्रपाळी होती. इस्पितळातील एका मुसलमान सहकारिणीने तिचे पहिले काही तास सांभाळावयाचे कबूल केले होते; ईदच्या दिवशी ती फेड व्हावयाची होती. इस्पितळांतून अशी देवघेव नेहमी चालते. साडेनऊला आईला निघावयाचे होते. आजीला मात्र तिने रजा मिळाल्याचे सांगितले होते.

फोनच्या पडद्यावर सान फेर्नांदोचे घर दिसू लागले. वादळात उडालेल्या छपराच्या जागी नवे पत्रे बसले होते. ते वडिलांनी आधी पाहून घेतले. त्या पत्र्यांच्या आणि मुलीच्या फीच्या पैशांत डिसेंबरची तीन विमानतिकिटे येऊ शकली असती. दोन्ही एकदम होत नव्हते. हा हिशेब त्यांनी सप्टेंबरात केला होता, ऑक्टोबरात पुन्हा केला होता, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आले होते.

आजीने मुलाला हाक मारली. तो धावत आला. लोलाने आपला हात पुढे केला, तसा तो पडदाभर पसरला. मुलाने खाली वाकून फोनच्या काचेला कपाळ टेकविले आणि ‘मानो पो’ म्हटले. काच थंड लागली असे त्याने मागाहून सांगितले. तेव्हा कोणी हसले नाही.

मग आईने मुलीला बूट दाखवावयास सांगितले. मुलीने फोन पायांकडे वळविला. बूट चकचकीत होते, नाड्याही नीट बांधलेल्या होत्या. परंतु टाच आत गेलेली नव्हती. मागची कातडी दुमडून तिच्यावर टाच ठेवलेली होती. जुलैपासून डिसेंबरपर्यंत अकरा वर्षांच्या मुलीचे पाऊल कागदाचे ऐकून थांबत नाही. “कसे आहेत?” असे आईने विचारले. “अगदी बरोबर बसले,” असे मुलगी म्हणाली. “छान दिसतात हो,” असे आई म्हणाली, आणि जेवणात काय काय केले आहे ते तिने विचारले.

साडेनऊला ती इस्पितळात जावयास निघाली. वडिलांनी ताटे आवरली. मुलगा गॅलरीत पारोलाखाली उभा राहून खालच्या मोटारी मोजत होता. आतेचा नाताळ संपला का आणि आपला अजून शिल्लक आहे का, असे त्याने विचारले. तेथे आता रात्रीचा दीड वाजला असेल आणि ती झोपली असेल, असे वडिलांनी सांगितले. मग आपण जागे आहोत तोपर्यंत तो आहे, असे मुलाने स्वतःच ठरवून टाकले.

तीन राजांचा सण झाला आणि सान फेर्नांदोच्या घरावरचा पारोल उतरला. रिकामी पेटी आजीने फेकली नाही. तिच्यात तिने धुतलेली पांघरुणे भरली. पायांत न बसणारे बूट तिने पुसून शेजारच्या धाकट्या मुलीला देऊन टाकले. सुट्टीवर आलेला शेजारी त्याच आठवड्यात दुबईला परतणार होता. आजीने नातीला कोऱ्या कागदावर उभे केले, तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरविली आणि ती बाजूला होताच त्या रेषेच्या बाहेरून, बोटभर जागा सोडून, दुसरी रेषा काढली.

स्वाध्याय

१. सिंबांग गाबी पहाटे का होते? दुबईत तिची वेळ का बदलली?
२. सान फेर्नांदोच्या मोठ्या कंदिलांतील दिवे कसे पेटतात व विझतात, ते आकृती काढून समजावून सांगा.
३. दुकानात मिळणारा साबणही पेटीतून का पाठविला जातो?
४. “अगदी बरोबर बसले,” असे मुलगी का म्हणाली? आईने पुढे काहीच का विचारले नाही?
५. तुमच्या गावातील किंवा ओळखीचे एखादे कुटुंब कामासाठी दूर राहत असल्यास, ते सण कसा साजरा करते ते विचारून दहा ओळी लिहा.